१२७ दातांचं चाक

मी गेलो होतो मिरची आणायला. हे आधीच सांगून ठेवतो, कारण आमच्या घरी या वाक्यावर अजून कोणाचा विश्वास बसलेला नाही.

उन्हाळा तोंडावर आला की नागपूरच्या कळमना बाजारात मिरचीचे लाल डोंगर उभे राहतात. भिवापुरी असते, तेजा असते. फाटकातून आत शिरलेला माणूस पहिली शिंक देतो, तो बाहेर पडेपर्यंत थांबत नाही. या बाजाराचा एक सरळ नियम आहे. इथे वजनाशिवाय कशालाच किंमत नाही. नागपुरी संत्र्याला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण कळमन्यात पोचलं की तेही बिचारं टनावर विकलं जातं. मिरची क्विंटलवर जाते. हा नियम मला ठाऊक होता. तो पुढे माझ्यावरच चालणार आहे, एवढंच ठाऊक नव्हतं.

तर वर्षाच्या तिखटाची सोय करून, नाक पुसत मी चिखली लेआउटच्या बाजूनं निघालो. वाटेत एका कबाडीचं दुकान लागलं. ट्रकचे गिअरबॉक्स, कूलरचे सांगाडे, कुठल्याशा पिठाच्या गिरणीची हाडं, आणि कडुलिंबाखाली लोखंड कातायचं एक लेथ. लेथच्या बेडवर बकरी बसली होती. टेलस्टॉकवर कोणाचं तरी बनियान वाळत होतं.

मी सदतीस वर्षं बँकेत काढली. स्टेपलरपेक्षा अवजड यंत्राला माझा हात लागलेला नाही. पण लहानपण गेलं मोतीबागेत, रेल्वेच्या नॅरोगेज कारखान्याच्या शेजाराला. भोंगा झाला की आमच्या घरात चहाचं आधण चढायचं. भिंतीपलीकडून लोखंड कातलं जाण्याचा एक लांबलचक, समाधानी आवाज यायचा. तसा आवाज काढणारं काहीतरी आपल्याही घरी असावं, ही इच्छा मी नोकरीभर टेबलाच्या खालच्या ड्रॉवरमध्ये कुलूप लावून ठेवली होती. निवृत्त झालो तेव्हा किल्ली सापडली.

मी लेथसमोर उभा राहिलो. डोळ्यांतून पाणी वाहत होतं. ते मिरचीचं होतं. पण कबाडीला वाटलं, मशीन पाहून आलं. त्यानं भाव तिथल्या तिथे वाढवला असावा.

“काय पाहून राह्यले भाऊ?”

“हे काय आहे?” मी विचारलं.

हा प्रश्न कबाडीच्या दुकानात कधीही विचारू नये. मी तोंड उघडेपर्यंत ते भंगार होतं. बकरीलाही ते भंगारच वाटत होतं. मी विचारलं आणि ते मशीन झालं.

“लेथ आहे जी. चालू कंडिशन.”

‘चालू’चा अर्थ मला पुढे कळला. ज्याला अजून गॅस कटर लागलेलं नाही, ते चालू. लोखंड तेच, गंज तोच, बकरीही तीच. पण कोणीतरी वाकून पाहिलं की त्याचा किलोचा भाव जातो आणि नगाचा भाव येतो. भंगाराचा भाव तेव्हा चाळीस रुपये किलो. मशीनचा भाव कबाडीनं सांगितला तेव्हा मी आणखी एकदा शिंकलो.

“कुठली आहे?” मी विचारलं. हा दुसरा चुकीचा प्रश्न.

“एम्प्रेस मिलची.”

नागपुरात जुनं लोखंड कुठलंही असो, ते एम्प्रेस मिलचंच असतं. आमच्या गल्लीतलं नळाचं झाकणसुद्धा एम्प्रेस मिलचं आहे, असं एक आजोबा शपथेवर सांगतात. जमशेटजी टाटांनी १ जानेवारी १८७७ रोजी ती गिरणी सुरू केली. त्याच दिवशी दिल्लीत व्हिक्टोरिया राणीला हिंदुस्थानची सम्राज्ञी म्हणून जाहीर केलं, म्हणून गिरणीचंही नाव एम्प्रेस. जागा दलदलीची. तिच्यात भराव घालायला निघालेल्या टाटांना इथल्या एका सावकारानं कर्ज नाकारलं. हा माणूस जमिनीत सोनं पुरतोय, असं त्याचं मत पडलं. पुढे त्यानंच कबूल केलं म्हणतात, की माती घालून सोनं काढलं. शंभरावर वर्षं चालून गिरणी बंद पडली आणि त्या जागेवर आता मॉल आहे. तिच्यातली यंत्रं कुठे कुठे गेली ते देव जाणे, पण नागपूरच्या कबाड्यांकडे आजवर जेवढं ‘एम्प्रेस मिलचं’ लोखंड विकलं गेलं, तेवढं त्या गिरणीत मावलं असतं तर माणसांना उभं राहायला जागा उरली नसती.

यंत्राची खरी जात त्याच्या पाटीवरून कळते. मी वाकून पाटी शोधली. चार भोकं होती, पाटी नव्हती. पाटी पितळेची असते, आणि पितळेला बिडाच्या कितीतरी पट भाव. नाव पितळेत ओतलं की ते आधी विकलं जातं, अंग मागाहून.

दुसऱ्या दिवशी मी शेजारच्या काकांना घेऊन गेलो. काका मोतीबागेतूनच फिटर म्हणून निवृत्त झालेले. त्यांनी रस्त्यातच मला दम दिला, “तू तोंड उघडू नको. रडूही नको.” दुकानात गेल्यावर त्यांनी लेथकडे पाठ केली आणि कूलरच्या सांगाड्याचा भाव विचारला. मग गिरणीच्या हाडांचा. मग बकरीचा. पाऊण तासानं, निघता निघता, चपलेत पाय घालताना म्हणाले, “हे झाडाखालचं काय लावता? भंगारमंधी?” कबाडी कंटाळला होता. “घेऊन जा चाळीसनं,” तो म्हणाला आणि लेथ पुन्हा भंगार झालं. इतक्या आनंदानं कशाचीही अवनती झालेली मी पाहिली नव्हती.

काकांनी नखानं गंज खरवडून पाहिला, वस्तू पकडणारा चक हातानं फिरवून कान लावला आणि निकाल दिला: माल देशी, बहुधा पन्नासच्या दशकातला, आणि बीड चांगलं मुरलेलं. हे मुरणं खरं असतं बरं का. बिडाचा ओतीव भाग थंड होताना त्याच्या पोटात ताण राहतात. तो तसाच कातला तर काही महिन्यांनी हळूच वाकडा होतो. म्हणून जुने कारखानदार ओतलेले बेड उघड्यावर ऊनपावसात टाकून ठेवत आणि मगच कातायला घेत. लोणच्याला आपण बरणीत ठेवतो, ते बिडाला अंगणात ठेवत. आमचं लेथ लिंबाखाली किती वर्षं उभं होतं, कबाडीला आठवत नव्हतं. नागपूरचा मे महिना तितक्या वेळा डोक्यावरून गेलेला कुठलाही पदार्थ मुरल्याशिवाय राहत नाही.

घरी फोन केला.

“अगं, सहा फुटी बेड मिळाला.”

“मिरची?”

“ती कालच आणली की. बेडचं सांगतोय.”

“आपल्या खोलीत मावेल का?”

“खोलीत कशाला, स्कूटरच्या शेडमध्ये ठेवू.”

तिकडे बराच वेळ काहीच आवाज आला नाही. मग तिनं थंडपणे विचारलं, “लाकूड कोणतं?”

“लाकूड नाही. बिडाचा आहे.”

“बीडहून मागवला?” ती म्हणाली आणि फोन ठेवला.

आता लेथ उचलायचं. बाजारातून चार हमाल आणले. कळमन्याचा हमाल कुठल्याही वस्तूकडे पाहतो तेव्हा त्याला फक्त पोती दिसतात. त्यातल्या वयानं मोठ्या हमालानं लेथभोवती एक प्रदक्षिणा घातली.

“पंधरा पोत्याचं असन.”

“मग चौघांत होईल ना?”

“पंधरा पोते असते तं होऊन गेलं असतं जी. हे एकच पोतं आहे न.”

या वाक्यात अवजड यंत्रं हलवण्याचं सगळं शास्त्र आलं. शेवटी हायड्रा, म्हणजे फिरती क्रेन, बोलावला. हायड्राचा तास सुरू झाला की तो लग्नाच्या बँडसारखा, वाजो न वाजो, चालूच राहतो. काकांनी साखळी कुठे अडकवायची यावरून हायड्रावाल्याशी वाद घातला. पाहायला जमलेल्या वीस-पंचवीस जणांनी आपापल्या साखळ्या मनातल्या मनात अडकवून दाखवल्या. नागपूरकर माणूस अवजड वस्तूला हात लावत नाही, पण सल्ल्याला कधी कमी पडत नाही. “डावीकडून घ्या!” “अरे बाप्पा, डावीकडून नाही, पडन ना!” बकरी तेवढी शांत होती. तिचा बेड जात होता.

टेम्पो निघाला तो धरमकाट्यावर. रीत अशी, की रिकामी गाडी आधी तोलायची, भरलेली नंतर, आणि वजाबाकीचे पैसे द्यायचे. रिकामी तोलली तेव्हा मी खाली चहा पीत होतो. भरलेली तोलली तेव्हा मी लेथशेजारी, हेडस्टॉकवर हात ठेवून, वरातीत नवरीशेजारी बसावं तसा बसलो होतो. चिठ्ठी निघाली: ८२० किलो. चाळीसनं बत्तीस हजार आठशे. मी मोजून दिले.

संध्याकाळी काकांनी चिठ्ठी पाहिली. “या जातीचं सहा फुटी साडेसातशेच्या वर जात नाही रे.”

“गंज असेल,” मी म्हणालो.

“ऐंशी किलो गंज?” काकांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. “तू कुठं बसला होता?”

माझं वजन ऐंशी किलो आहे. लेथ ७४० किलोचं. म्हणजे मी स्वतःला, भंगाराच्या भावानं, ३,२०० रुपयांत विकत घेतलं होतं. सदतीस वर्षं लोकांची बेरीज-वजाबाकी तपासली त्याचा हा नफा. बायकोनं मला नखशिखान्त न्याहाळलं आणि एवढंच म्हणाली, “महाग पडलं.”

आम्ही राहतो नंदनवनात. नाव स्वर्गातलं असलं तरी गल्ली मृत्युलोकातली आहे, आणि तिच्यात हायड्रा वळत नाही. शेवटचे चाळीस फूट लेथ पाइपांवरून सरकलं: मागचा पाइप सुटला की उचलून पुढे ठेवायचा, सब्बलीनं रेटायचं, पुन्हा मागचा पाइप. काका म्हणाले, पिरॅमिड असेच बांधले. आमच्या वेगानं बांधले असते तर फारोला उघड्यावरच राहावं लागलं असतं.

शेडमध्ये नवीन अडचण. मिस्त्रीनं फरशीला उतार दिला होता, पाणी मोरीकडे जावं म्हणून. लेथला उतार चालत नाही. बेडला केसभर जरी पीळ बसला तरी त्यावर कातलेली वस्तू एका टोकाला जाड आणि दुसऱ्या टोकाला बारीक निघते. मग पायाखाली पत्र्याचे तुकडे सारायचे, पातळी पाहायची, पुन्हा सारायचे. तीन दिवस मी आणि काका जमिनीवर आडवे पडून एका बुडबुड्याकडे पाहत होतो. चौथ्या दिवशी बुडबुडा मधोमध आला. त्या रात्री पाऊस झाला आणि पाणी कुठे जावं हे न कळून शेडमध्येच थांबलं.

आता गंजाचं प्रकरण. बाहेरच्या वाचकांसाठी सांगतो, आमच्या विदर्भात गंज तीन. लोखंडावर चढतो तो गंज. वरण-भात शिजतो ते मोठं पातेलं, तेही गंज. आणि पुष्कळ म्हणायचं असेल तेव्हाही गंज. ‘गंजात गंज गंज’ हे वाक्य इथे बरोबर आहे आणि ते आमच्या घरी घडलं.

चकचे तीन जबडे हलत नव्हते. गंज काढायची एक साधी युक्ती आहे: पाण्यात धुण्याचा सोडा घालायचा, गंजलेला भाग बॅटरी चार्जरच्या ऋण टोकाला जोडून त्यात बुडवायचा, धन टोकाला एक टाकाऊ लोखंडी पट्टी, आणि रात्रभर सोडून द्यायचं. हे उघड्यावर करायचं, कारण हायड्रोजन निघतो. पट्टी स्टेनलेसची घ्यायची नाही, तिच्यातून विषारी क्रोमियम निघतं. एवढं सगळं मी वाचलं होतं. प्लास्टिकची बादली घ्यायची, हेही लिहिलं असणार. बादलीत कपडे भिजत होते, म्हणून मी माळ्यावरचा आईच्या लग्नातला जर्मनचा गंज घेतला.

जर्मन म्हणजे ॲल्युमिनियम, आणि धुण्याचा सोडा ॲल्युमिनियम खातो. सकाळी गंज आतून काळा ठिक्कर पडला होता आणि बारीक आवाज करत होता. कडेला कोरलेलं मामाचं नाव आणि लग्नाची तारीख इतकी पुसट झाली होती, की आईचं लग्न झालं होतं याला पुरावा म्हणून आता मीच तेवढा उरलो. चकचे जबडे मात्र लोण्यासारखे सरकत होते. मी ते आईला दाखवायला नेले. आई म्हणाली, “गंजाचा गंज काढायला माझाच गंज सापडला का रे?” आणि दिवसभर बोलली नाही.

विजेचं थोडक्यात सांगतो, कारण ते थोडक्यात झालं नाही. हे लेथ मूळचं छताखालच्या शाफ्टवर चालणारं. जुन्या कारखान्यात एकच इंजीन असे. ते छताला टांगलेला लांब शाफ्ट फिरवी, आणि त्यावरून सपाट चामडी पट्टे खाली एकेका यंत्रावर उतरत. माझ्या शेडच्या छताला एकच गोष्ट टांगलेली होती, ती म्हणजे सायकल. मग दोन हॉर्सपॉवरची थ्री-फेज मोटर आणली, घरात सिंगल फेज, म्हणून मधे व्हीएफडी नावाचा डबा बसवला. तो एका फेजचे तीन करतो. बँकेत असं कोणी केलं असतं तर चौकशी लागली असती.

आणि एका रविवारी ते फिरलं. काकांनी टूल बसवलं, मी हँडल धरलं, आणि सळईवरून लोखंडाची निळसर, गरम, कुरळी सालपटं निघू लागली. तोच आवाज. भिंतीपलीकडचा. आई माझ्याशी बोलत नव्हती, तरी दारात येऊन उभी राहिली आणि म्हणाली, “भोंगा झाला वाटते.”

इथे लेख संपला असता तर बरं झालं असतं. पण उन्हाळा आला आणि कूलरच्या स्टँडचा बोल्ट तुटला. नागपुरात एप्रिलमध्ये कूलर बंद पडणं ही घरगुती बाब राहत नाही. बाजारात तो बोल्ट पाच-दहा रुपयांना मिळतो. घरात ७४० किलोचं लेथ असताना बोल्ट बाजारातून आणणं मला शोभणारं नव्हतं. मी सळई बारा मिलिमीटरवर कातली, आटे पाडले, तेल लावलं आणि नट चढवला. नट दीड फेरा गेला आणि बसला. पुढे जाईना, मागेही येईना. तो अजून तिथेच आहे.

“तुझं लेथ इंचाचं आहे,” काका म्हणाले. “आटे इंचात पडतात. नट मिलिमीटरचा.”

आपल्या देशानं १९५६ मध्ये कायदा करून दशमान पद्धत घेतली. त्याला जमाना झाला. पण इतवारीतल्या लोहाओळीत जाऊन मिलिमीटर म्हणून पाहा. दुकानदार बोटं मोजतो आणि म्हणतो, “म्हणजे चार सूत ना?” एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. सळई सुतात, सोनं तोळ्यात, जमीन एकरात, घर चौरस फुटांत, आणि मुलाची उंची पाच फूट सात इंच, लग्नाच्या बायोडेटात आठ. मीटर तेवढा रिक्षाला असतो, आणि तोही बंद. अशा देशात इंचाच्या लेथनं हट्टाला पेटावं यात त्याचा दोष नाही.

उपाय आहे, आणि तो मोठा सुंदर आहे. लेथच्या डाव्या कुशीत दातेरी चाकांची एक माळ असते. चाकं बदलली की आट्यांचं अंतर बदलतं. १९५९ च्या आंतरराष्ट्रीय करारानं एक इंच म्हणजे बरोबर २५.४ मिलिमीटर ठरला. त्याला पाचानं गुणा: १२७. म्हणजे त्या माळेत १२७ दातांचं एक चाक आलं, की इंचाचं लेथ अचूक मिलिमीटर बोलायला लागतं. आणि १२७ ही मूळ संख्या. तिला कशानंच भाग जात नाही, म्हणून दोन लहान चाकं जोडून काम भागत नाही. पाहिजे म्हणजे तेच पाहिजे. मी तर त्या आकड्याच्या प्रेमातच पडलो. आमच्या मोतीबागेची नॅरोगेज अडीच फुटांची, म्हणजे ७६२ मिलिमीटर. ७६२ भागिले १२७, उत्तर बरोबर सहा. मी बालपणभर १२७ च्या शेजारी झोपलो होतो आणि मला पत्ता नव्हता. आता ती गाडीही गेली. नागभीडची नॅरोगेज २०१९ मध्ये थांबली, इंजिनं मोतीबागेच्या संग्रहालयात बसलीत.

माझ्या लेथचं १२७ चं चाक गायब होतं. पाटीसोबतच गेलं असेल.

तेव्हापासून मी शोधतो आहे. इतवारीतली लोहाओळ झाली, बगडगंजचा स्मॉल फॅक्टरी एरिया झाला, कळमना तर आठवड्यातून दोनदा. ढिगात ताटाएवढं चाक दिसलं की एका दाताला खडू लावतो आणि तिथून मोजत येतो. शंभराच्या पुढे गेलं की कोणीतरी हाक मारतं आणि पुन्हा एकपासून. कबाड्यांनी माझं नाव दातवाले डॉक्टर ठेवलं. हे नाव कळमन्याच्या मिरची बाजारापर्यंत कसं पोचलं कोण जाणे. पण परवा एका हमालानं मला मिरचीच्या पोत्याआड नेलं आणि तोंडाचा मोठा आ केला. “इकडच्या बाजूले, मागून दुसरी. रात्रभर ठणकून राह्यली जी.” मी पाहिली. किडली होती. मेडिकल कॉलेजजवळ सरकारी दंत महाविद्यालय आहे, तिथे जायला सांगितलं. त्यानं विचारलं, तुम्ही किती घ्याल?

नवीन चाक का करून घेत नाही, असं तुम्ही म्हणाल. गेलो होतो. दात पाडून देणाऱ्यानं आकडा ऐकला आणि मान हलवली. त्याच्या यंत्रावर भाग पाडायची जी तबकडी असते, तिच्या भोकांत १२७ सरळ बसत नाही. त्याला वेगळी खटपट लागते.

“सव्वाशे घेऊन टाका.”

“सव्वाशे नाही चालत हो, एकशे सत्तावीसच पाहिजे.”

“एकशे तीस करून देतो. तीन दात जास्त जाऊन राह्यले, पैसे नका देऊ त्याचे.”

दातांची अशी घासाघीस मी प्रथमच ऐकली. वास्तविक पडती बाजू घ्यायला एक वाट आहे. काकांनीच सांगितली: ६३ दातांचं चाक लाव. त्यानं इंच २५.४ ऐवजी २५.३९७ होतो. “कूलरच्या बोल्टाले तेवढा फरक कोण पाहून राह्यलं?” खरं आहे. कूलरला कळणार नाही, नटाला कळणार नाही, काकांना तर चालणारच आहे. मला कळेल. बँकेत एक पैसा जुळेना म्हणून मी रात्रीचे नऊ वाजवलेले आहेत.

गेल्या महिन्यात वाटलं, सापडलं. कळमन्याच्या पुलाजवळ एक चहाची टपरी आहे. दुधाचा गंज ज्यावर ठेवला होता तो अडणा गोल आणि दातेरी. मी चहा घेता घेता मोजायला लागलो. टपरीवाल्याचा पोट्टाही मोजायला बसला. मी एकशे वीस मोजले, त्यानं एकशे एकोणीस. तिसऱ्यांदा दोघांचे एकशे वीस आले. मी उठलो.

“घेता का?” टपरीवाल्यानं विचारलं.

“नाही, वीसच आहेत वर.”

“पाहून घ्या भाऊ,” तो गंज खाली उतरवत म्हणाला. “एम्प्रेस मिलचं आहे.”

म्हणून आता तुम्हालाच विनंती. तुमच्या घरी दाराला अडण म्हणून, लोणच्याच्या बरणीखाली, विहिरीच्या काठावर किंवा शेतातल्या मोटरघरात ताटाएवढं जुनं दातेरी चाक पडलेलं असेल, तर एका दाताला खडू लावा आणि तिथून मोजत या. एकशे सत्तावीस भरले तर निरोप धाडा. सव्वाशे नको, एकशे तीसही नको. आणि मी पाहायला येईन तेव्हा कृपा करून त्याला भंगारच म्हणा.